सहा मार्कांचा सीझन

सिंगापूरला ऋतू नाहीत. बारा महिने तोच घाम, तीच हिरवी झाडं आणि दुपारी तीनच्या सुमाराला डोक्यावर येऊन बसणारा तोच काळा ढग. पुण्याहून आई फोनवर विचारायची, "तिकडे थंडी पडली का गं?" मी ऑफिसातल्या एसीकडे बघून "पडली" म्हणायचे. पण माणसाला ऋतू लागतात. ते आभाळाने दिले नाहीत तर माणूस दुसरीकडून पैदा करतो. आमच्या घरात वर्षाचे दोनच भाग होते. फूटीचा सीझन आणि फूटी नसलेले महिने.

फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन लोकांचा फुटबॉल. अंड्याच्या आकाराचा चेंडू, मैदानाच्या दोन्ही टोकांना चार-चार खांब. चेंडू लाथेने मारायचा किंवा मुठीने ठोसून द्यायचा, हातात घेऊन पळायचं, आणि वर आलेला चेंडू माणसांच्या गर्दीत उडी मारून झेलायचा. मला कितीतरी वर्षं तो खेळ न वाटता दंगल वाटायची. आमची मुलगी मुक्ता त्या दंगलीत बारा-तेराव्या वर्षापासून आहे, आणि तिला त्यात ढकलणारा तिचा बाप, म्हणजे माझा नवरा अविनाश.

परवा सकाळी मुक्ताने बॉम्ब शेल्टरचं दार ओढलं. इथल्या फ्लॅटमध्ये जाड भिंतींची, लोखंडी दाराची एक खोली असते, युद्ध झालं तर लपायला. युद्ध काही होत नाही, त्यामुळे सगळे तिच्यात सुटकेसा आणि दिवाळीचा आकाशकंदील ठेवतात. आमच्या शेल्टरमध्ये गेलं वर्षभर मुक्ताचे खेळायचे बूट होते. तिने ते वर्तमानपत्रावर आपटले. तळव्याच्या खिळ्यांमध्ये अडकलेली माती खाली पडली, वाळून खडखडीत झालेली. अविनाश असतानाची माती. मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते, ते बरं झालं. डोळ्यांतल्या पाण्याबद्दल कोणी विचारत नाही.

"आई, फर्स्ट मॅच टुमॉरो," ती बुटांकडे बघत म्हणाली. "कम इफ यू वाँट लाह. नॉट कंपल्सरी." इथल्या पोरांसारखं तीही वाक्याला 'लाह' लावते.

अविनाश मूळचा सांगलीकडचा, कॉलेजात खो-खो खेळलेला. पहिल्या नोकरीत त्याला दोन वर्षं मेलबर्नला पाठवलं आणि तिथे त्याला या खेळाचं वेड लागलं. पुढे आम्ही इकडे आलो आणि तो तुआसला जहाजं दुरुस्त करणाऱ्या कंपनीत लागला. जहाजाच्या पोटात शिरून पत्र्याला कुठे तडा गेलाय ते शोधायचं, हे त्याचं काम. दिवसभर तडे शोधणारा माणूस घरी येऊन एकदम कौतुक कसं करणार? तो आमटीलासुद्धा मार्क द्यायचा. "साडेसहा. गूळ अंमळ जास्त झालाय." मी म्हणायचे, उद्यापासून तूच कर आणि तूच मार्क दे. तो निवांतपणे दुसरी वाटी पुढे करायचा.

सीझनमधल्या शनिवारांचा एक वास होता. कापलेल्या ओल्या गवताचा, मुलींच्या पायांना चोळलेल्या मलमाचा, डासांच्या स्प्रेचा. पूर्ण मैदान मिळायचं नाही, रग्बीच्या मैदानावर चुन्याच्या रेघा मारून कमी खेळाडूंनी खेळायचं. खेळाचे चार भाग. हमखास चौथ्या भागात ढग यायचे आणि वीज पडायचा इशारा देणारा भोंगा वाजायचा. तो वाजला की सगळ्यांनी मैदान सोडून शेडखाली जायचं, कितीही रंगात आलेला खेळ असो. मग वीस-बावीस ओल्या मुली, आया, बाप, कोच, सगळे एका पत्र्याखाली. अविनाश मात्र रेघेजवळ रेंगाळायचा. पंच ओरडायचा, "अंकल, इनसाइड प्लीज!" आणि अंकल मागे वळून वळून रिकाम्या मैदानाकडे बघत आत यायचे.

मॅच संपली की कोच मुलींना गोल उभं करायचा आणि एकेकीबद्दल बोलायचा. त्याच्या मते सगळ्याच ऑसम असायच्या. हरल्या तरी ऑसम. अविनाश बाहेरून ऐकत माझ्या कानाशी पुटपुटायचा, "ह्याच्या जिभेवर साखर कारखाना आहे. पोरींना कळणार कसं, चुकलं कुठे ते?"

"तुझं काय जातंय? काठावर बसून उंटावरून शेळ्या हाकायला."

"उंटावरूनच दिसतात," तो म्हणायचा.

खरा निकाल लागायचा नंतर, जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या टपऱ्यांमध्ये. कोपऱ्यातलं गोल टेबल ठरलेलं. अविनाशला बिनसाखरेची काळी कोपी, म्हणजे इथली कॉफी, मला टेह, म्हणजे दुधाचा चहा, मुलींना उसाचा रस. चिलीसॉसची बाटली म्हणजे गोलचा खांब, कप म्हणजे खेळाडू, चॉपस्टिकने धावण्याच्या रेघा. तो मागच्या फळीपासून सुरुवात करायचा आणि एकेक करत पुढे सरकायचा. मराठीतच बोलायचा, अगदी मोठ्याने. तिथे कोणाला कळणार होतं? मात्र मार्क बोटांनी दाखवायचा, आणि ते सगळ्यांना कळायचं. अर्धा मार्क म्हणजे मुडपलेलं बोट. शोना नावाची उंच, लाल केसांची ऑस्ट्रेलियन मुलगी आणि छोटी, पाऱ्यासारखी हाती न लागणारी मे लिन या दोघी टेबलाशी खास त्यासाठी थांबायच्या. "अंकल, हाऊ मेनी?" आणि मे लिनला साडेसात मिळाले की ती आख्ख्या हॉकर सेंटरला सांगत सुटायची.

मुक्ता नेहमी शेवटी. आणि मुक्ताला नेहमी सहा. एक पूर्ण पंजा आणि दुसऱ्या हाताचं एक बोट.

"बाबा, अगेन सिक्स? सो अनफेअर!"

"डावा पाय," अविनाश म्हणायचा. "डाव्या पायाने मारायची वेळ आली की तू उजव्यावर येतेस. तेवढ्यात समोरची गाठते तुला. डावा पाय सुधार, मग बघू."

शोना म्हणायची, "अंकल, शी वॉज बेस्ट टुडे!" अंकल ढिम्म. मुक्ता स्ट्रॉने रस ओढत राहायची. तिला कोचच्या ऑसमची किंमत नव्हती, क्लबच्या बक्षिसांची नव्हती. दोन-दोन चषक तिने शू रॅकवर टाकून दिलेले. तिला त्या माणसाच्या हाताचं सातवं बोट हवं होतं.

आमच्याकडे ही रीतच आहे. दुसऱ्याच्या पोराला शाबासकी द्यावी, आपल्या पोराला तोंडावर देऊ नये. पोर शेफारतं, आणि शिवाय दृष्ट लागते. माझे सासरे शाळामास्तर होते. अविनाश खो-खोत जिल्ह्याकडून खेळून आला तेव्हा ते "जेवलास का?" एवढंच म्हणाले, आणि मग आठवडाभर पारावर बसून सगळ्या गावाला त्याचा खेळ सांगत होते. हे अविनाशला कोणीतरी तिसऱ्याने सांगितलं, तेव्हा तो रडला होता म्हणे. तरीही स्वतः बाप झाल्यावर त्याने तेच केलं. मी मीठ-मोहऱ्या ओवाळून मुक्ताची दृष्ट काढायचे. तो म्हणायचा, "तू दृष्ट काढ. मी लागूच देत नाही."

आणि मी कशी? तर मी सगळ्यांना दहा. शोना छान, मे लिन छान, समोरच्या टीमची गोलकीपर छान. "आई, फूटीत गोलकीपर नसते," मुक्ता कपाळावर हात मारायची. मला वाटायचं, एवढं उन्हातान्हात पळतात बिचाऱ्या, दहा द्यायला आपल्या खिशातलं काय जातंय? खिशातलं जात नाही, म्हणूनच घेणाऱ्यालाही त्याचं काही वाटत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

तर अविनाशचा तो शेवटचा सीझन. त्यातली शेवटून दुसरी मॅच होती. विजेचा भोंगा दोनदा वाजला, दोनदा सगळे शेडखाली गेले, दोनदा परत आले. मैदानाचा चिखल झाला होता. शेवटच्या भागात आमच्या मुलींनी मुसंडी मारली आणि थोडक्यात जिंकल्या. मी टाळ्या वाजवत होते. अविनाश टाळ्या वाजवत नव्हता. तो रेघेवर हाताची घडी घालून उभा होता आणि त्याच्या चष्म्याखालून पाणी ओघळत होतं. पाऊस होताच, त्यामुळे मी काही विचारलं नाही.

हॉकर सेंटरमध्ये शोनाला आठ मिळाले, मे लिनला साडेसात. मग मुक्ता. ती त्या दिवशी वेगळीच बसली होती, पाठ ताठ, डोळे त्याच्या हातांवर. अविनाशने कोपीचा घोट घेतला. मग पंजा आणि एक बोट.

मुक्ता उठली. टॉवेल खांद्यावर टाकला, ट्रे उचलून जागेवर नेऊन ठेवला आणि एकटी एमआरटी स्टेशनकडे चालू लागली.

त्या संध्याकाळी मी कांदाभजी तळत होते आणि अविनाश ओट्याला टेकून उभा होता. मुक्ता खोलीचं दार लावून बसली होती. तो हळू आवाजात मॅचबद्दल काहीतरी सांगत होता, चेंडू कुठून आला, कोण कुठे होतं, हातवारे करत. माझं लक्ष तेलाकडे. शब्द कानावर पडत होते, एवढंच. मग तो म्हणाला, "नऊ. आज नऊ होते तिचे."

मी झारा खाली ठेवला. "मग सांग की तिला! जा, दार वाजव."

"आत्ता सांगितलं तर पुढच्या मॅचला हवेत जाईल. एकच मॅच राहिलीय. सीझन संपला की सांगतो."

मॅचच्या आधीच, मधल्या एका कामाच्या दिवशी, तुआसहून फोन आला. जहाजाच्या शिडीवर चढता चढता त्याच्या छातीत दुखलं होतं. आम्ही पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मंडाई भागातल्या स्मशानात क्लबच्या मुली ओळीने उभ्या होत्या. शोना ओक्साबोक्शी रडत होती. मुक्ता लोकांना पाण्याच्या बाटल्या देत फिरत होती, पुण्याहून आलेल्या तिच्या काकाला टॅक्सी करून देत होती. सगळे म्हणाले, स्ट्राँग गर्ल. मला तिचे कोरडे डोळे बघवत नव्हते. चौदावा झाल्यावर मी तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, "मुक्ता, त्या दिवशी बाबा मला नऊ म्हणाले होते. तुला सहा दिले, पण घरी नऊ म्हणाले."

तिने माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, तेच वाईट होतं. दया होती.

"आई, इट्स ओके. यू डोंट हॅव टू."

"अगं खरंच!"

"तू सगळ्यांना टेन देतेस, आई. यू डोंट ईव्हन नो द रूल्स." मग थोडं थांबून म्हणाली, "नऊ कशाचे? व्हॉट डिड आय डू? सांग."

मला सांगता येईना. मी तेव्हा भजी तळत होते. तिने मान हलवली, बूट उचलले आणि शेल्टरमध्ये ठेवून ते जड दार लावून घेतलं. शेवटची मॅच ती खेळली नव्हतीच. पुढचा अख्खा सीझनही खेळली नाही. सोनारानेच कान टोचावेत म्हणतात. कौतुकाचंही तसंच असावं. सोनार निघून गेला होता आणि माझ्या हातात नुसती सुई.

त्या सीझनला मग मी शनिवारी मैदानावर जाऊ लागले. एकटी. मुक्ता विचारायची नाही, मीही सांगायचे नाही. पहिल्यांदा वाटलं, आपण वेड्यासारखं काय करतोय? मुलगी खेळत नाही आणि आई रेघेवर. पण घरात शनिवारची दुपार काढवत नव्हती. कोच लांबून हात करायचा. शोनाचा गुडघा दुखावला होता, ती पट्टी बांधून माझ्याशेजारी खुर्ची टाकायची आणि नियम समजावून द्यायची. आणि अविनाशचं जुनं एक वाक्य कानात होतं. "चेंडूकडे बघू नकोस. चेंडूकडे सगळेच बघतात. जिच्याकडे चेंडू नाही ती काय करतेय ते बघ." खो-खोवाल्याची नजर ती.

हळूहळू दिसायला लागलं. मे लिन एवढी मोकळी कशी सापडते, तर चेंडू यायच्या आधीच ती दोन पावलं खोटी टाकते. एखादी दमली की तिचे हात आधी कमरेवर जातात. मी मनातल्या मनात मार्क द्यायला लागले, मागच्या फळीपासून पुढे. कधी बोटं आपोआप उघडायची आणि मग मी हात पर्समध्ये घालायचे. मला कळत गेलं की मार्क देणं सोपं नाही. त्यासाठी पूर्ण वेळ डोळे लावून बसावं लागतं. त्या माणसाने इतकी वर्षं आमच्या दोघींवर असे डोळे लावले होते, मुक्ताच्या डाव्या पायावर, माझ्या गुळावर. आता आमटीला कोणी मार्क देत नाही. मीही कधी आणि कशीही करते.

एका शनिवारी एक नवीन मुलगी मैदानाच्या मध्यावर होती. चेंडू उंच तिच्या डोक्यावरून मागे चालला. ती वर बघत उलटी, मागे मागे पळू लागली. मागून समोरच्या संघाची धिप्पाड मुलगी त्याच चेंडूसाठी सुसाट येत होती. पावलांचा आवाज आला असणार. मुलीने क्षणभर मान वळवली. कोणीही वळवेल. चेंडू हातातून निसटला. शोना शेजारून म्हणाली की हाच या खेळातला सगळ्यात अवघड झेल, कारण धडक बसणार हे माहीत असतं आणि ती दिसत नसते.

मी खुर्चीत ताठ झाले. तळणीच्या आवाजाखाली दबलेले शब्द एकेक करून वर आले. अविनाश ओट्याला टेकून हेच सांगत होता. हेच हातवारे. मुक्ता चिखलात उलटी पळत गेली होती, मागून कोणी येतंय हे तिला कळलं होतं, आणि तिने मान वळवली नव्हती.

घरी जाऊन सांगावं असं फार वाटलं. पण सांगणारी मीच, सगळ्यांना दहा देणारी. मी गप्प राहिले. तिने परत बूट काढले तर बघू, असं स्वतःशी म्हटलं. काढलेच नाहीत तर काय, हा विचार मनात आला की मी उठून भांडी घासायचे.

आणि परवा तिने ते काढले.

मॅच कालची. तेच गवत, तेच मलम. ढग आले पण भोंगा वाजला नाही. मुक्ता वाईट खेळली. अगदी वाईट. वर्षभराचा गंज होता, श्वास पुरत नव्हता, आणि तिला ते दाखवायचं नव्हतं म्हणून ती आणखी चुकत होती. कोचने मुलींना गोल उभं करून तिला वेलकम बॅक म्हटलं आणि ऑसमही म्हटलं. ती खाली बघत होती.

हॉकर सेंटरमध्ये आमचं गोल टेबल रिकामं होतं. आम्ही दोघीच बसलो. बाकीच्या मुली रांगेत होत्या. मी टेह घेतला, तिने उसाचा रस. चिलीसॉसची बाटली दोघींच्या मध्ये.

"से लाह, आई," ती म्हणाली. "छान खेळलीस. से इट अँड फिनिश."

मी बाटली जरा बाजूला सरकवली आणि मागच्या फळीपासून सुरुवात केली. शोनाचा गुडघा अजून साथ देत नाही, ती उडी मारताना एकाच पायावर जोर देते, साडेसहा. मे लिन आठ, पण शेवटच्या भागात स्वार्थी झाली. मुक्ता स्ट्रॉ तोंडात धरून माझ्याकडे बघत राहिली होती.

"आणि तू," मी म्हणाले. अंगठा तळव्यात लपवून हात वर केला. "चार."

"चार?"

"दोनदा तुझ्यासमोर चेंडू पडला आणि तू दुसरी येईल म्हणून थांबलीस. मे लिन डावीकडे मोकळी होती, तू बघितलंच नाहीस. दुसऱ्या भागापासून तुझे हात कमरेवर. आणि मारायची वेळ आली की अजून उजव्यावरच येतेस. चार पण जास्तच आहेत."

मला वाटलं, उठून जाईल. मी दोन्ही हात टेबलाखाली घेतले. आयुष्यात मी कोणालाच चार दिले नव्हते, आणि दिले ते हिला.

मुक्ताने ग्लासातला बर्फ बराच वेळ हलवला. मग इंग्रजी बाजूला ठेवून, लहानपणी बोलायची तसं मराठीत, हळूच म्हणाली, "आई, ते नऊ. कशाचे होते?"

मी सांगितलं. चेंडू कसा डोक्यावरून गेला. ती चिखलात कशी उलटी पळाली. मागून येणारी ती सात नंबरची मुलगी, पावलांचा आवाज. "मान वळवली नाहीस तू. झेललास, आपटलीस, आणि पडल्या पडल्या मुठीने मे लिनला दिलास. बाबा म्हणाले, एवढी जिगर माझ्यात नव्हती. रेघेवर रडत होते ते. मला पाऊस वाटला."

ती ऐकत होती. तिच्या भुवया अगदी अविनाशसारख्या जवळ आल्या होत्या, हिशेब जुळतो का बघताना त्याच्या यायच्या तशा.

"आणि एक?" तिने विचारलं. "एक कशाचा कापला?"

हे मीही त्याला तेव्हा विचारलं होतं, झारा परत हातात घेताना. त्याचं उत्तर तेवढं मला पहिल्या दिवसापासून लख्ख आठवत होतं, पण ते कोणी विचारलंच नव्हतं.

"डाव्या पायाचा," मी म्हणाले.

मुक्ता हसली. एक छोटासा, नाकातून आलेला आवाज, "ओह बाबा" म्हणायच्या आधीचा. मग तिने खांद्यावरचा ओला टॉवेल तोंडावर दाबला आणि तिचे खांदे हलायला लागले. शोना आणि मे लिन ट्रे घेऊन येत होत्या, त्या तिथेच थबकल्या. मी त्यांना खुणेने थांबा म्हटलं. तिला अजिबात घाई नव्हती, आणि मलाही.